पिकअप ट्रकची सही आणि बाबांचे आकडे

बॅगा तीन होत्या आणि बाबांनी प्रत्येक बॅग तीनदा काट्याला लटकवली. बावीस पूर्णांक आठ, बावीस पूर्णांक नऊ, पुन्हा बावीस पूर्णांक आठ. प्रत्येक वजन बॉलपेनने टॅगवर लिहिलं आणि खाली सही केली. चिंचवडच्या आमच्या सोसायटीच्या गेटपाशी टॅक्सी उभी, माझ्या बायकोच्या, मुग्धाच्या खांद्यावर आमची चार वर्षांची ईरा झोपलेली, ड्रायव्हर घड्याळ बघतोय आणि हे आपले काट्याशी खेळतायत. "अहो, निघू द्या आता पोराला," आई म्हणाली. "तीनदा मोजायचं, मग लिहायचं," बाबा म्हणाले. पिंपरीच्या ट्रकच्या कारखान्यात त्यांनी सारी नोकरी इन्स्पेक्शन खात्यात काढली होती आणि निवृत्तीनंतर तपासायला आमच्याशिवाय दुसरं काही उरलं नव्हतं. मी चिडलो होतो. पाया पडलो तेही घाईघाईत. जानेवारी २०२० होता आणि मी आयर्लंडला निघालो होतो, अमेरिकन ट्रक बनवायला.

हे वाक्य इथल्या माणसांनाही विचित्र वाटतं, तेव्हा जरा सांगतो. अमेरिकेत पिकअप नावाची एक अवाढव्य गाडी असते. पुढे मोटार, मागे उघडा हौदा. मी ज्या गाडीवर काम करतो तिच्या पिढ्यानपिढ्या झाल्या आहेत. रुजू झालो त्या आठवड्यात आम्हाला तिची वंशावळ दाखवली. पहिल्या पिढीत एक लांब बाकडं, दोन दारं आणि शेतावरचं सामान. मग दारं चार झाली, हौदा आखूड झाला, कातडी सीटा आल्या, मुलांच्या खुर्च्या अडकवायचे हुक आले आणि शेवटी टीव्हीएवढा स्क्रीन आला. नव्या पिढीत ट्रेलर जोडून रिव्हर्स घ्यायची सोय द्यायची होती. ड्रायव्हरने एक बटण फिरवायचं, बाकी कॅमेरे आणि सॉफ्टवेअर बघून घेतील. ते सॉफ्टवेअर आमच्याकडे होतं. गाडी मिशिगनची, कॅमेरे भलतीकडचे आणि डोकं आमचं, डब्लिनच्या ऑफिसातलं.

मार्चमध्ये ऑफिस बंद झालं आणि ते डोकं माझ्या घरी आलं. आम्ही डब्लिनजवळच्या नावन गावी राहतो. एकसारख्या घरांची इस्टेट, पुढे हिरवळीचा तुकडा, रस्ता असा की दोन मोटारी समोरासमोर आल्या तर एकाने हसून मागे जायचं. आमची पिकअप तिथे शिरली असती तर दोन्हीकडचे आरसे गेले असते. ती मी तोवर डोळ्यांनी पाहिलीही नव्हती. लहान खोलीत मुग्धाच्या इस्त्रीच्या टेबलावर त्या गाडीचं स्टीअरिंग, स्क्रीन आणि वायरींचा गुंता मांडला होता. वायरींचे जादा जुडगे हॉट प्रेसमध्ये, म्हणजे इथे टॉवेल गरम ठेवायचं कपाट असतं त्यात. ईरा दारात उभी राहून विचारायची, "डॅडी, व्हेअर इज द रेस्ट ऑफ इट?" मराठी सगळं कळतं तिला, पण सहा महिन्यांत उत्तरं नावनच्या हेलात यायला लागली होती.

बाबांना मात्र त्या गाडीचं भारी कौतुक. दर रविवारी फोन, आणि नातीच्या आधी गाडीची चौकशी.

"मागे काय भरतात रे त्या हौद्यात?"

"बहुतेक वेळा काहीच नाही, बाबा."

"मग एवढी मोठी कशाला?"

याचं उत्तर अमेरिकेतही कुणाकडे नसेल. पण डिझाइन गोठवणं म्हणजे काय, चाचण्यांचे टप्पे कोणते, शेवटची सही झाल्याशिवाय गाडी लाइनवर चढत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. कुणी सही अडवली की शेकडो माणसं हात बांधून उभी राहतात, ते त्यांनी पाहिलेलं होतं, अनेकदा स्वतःच अडवून. एकदा वरच्या साहेबाने 'एवढा लॉट सोडा' म्हणून सांगितलं तेव्हा त्यांनी 'मग सही तुम्ही करा' म्हणून पेन साहेबापुढे ठेवलं होतं. आमच्या घरात ही गोष्ट इतक्यांदा सांगितली गेली की आई मध्येच उठून कुकर लावायला जायची.

२०२१ च्या जानेवारीत आमच्या शेजारच्या मॉरीनचा नवरा गेला. अंत्यविधीला दहाच माणसांची परवानगी होती, म्हणून बाकी सगळी इस्टेट रस्त्याच्या कडेला दोन-दोन मीटरवर उभी राहिली. शववाहिका त्यांच्या दारापाशी थांबली, मग पायी चालल्यासारखी हळू गेली. मीही टोपी काढून उभा होतो. रविवारी बाबांना सांगितलं तर म्हणाले, "चांगली माणसं आहेत."

एप्रिलमध्ये बाबांना ताप आला.

कोरोनाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. आई सुदैवाने निगेटिव्ह. डॉक्टरांनी घरीच ठेवायला सांगितलं आणि बोटाला लावायचा ऑक्सिजनचा मीटर आणायला सांगितला. पुण्यातल्या हॉस्पिटलांची बातमी मी रोज वाचत होतो. मग मी जे येतं तेच केलं: एक्सेल शीट बनवलं. तारीख, वेळ, ताप, ऑक्सिजन. चौऱ्याण्णवच्या खाली गेलं की चौकट लाल. बाबा मोबाइलवरून भरायचे, दिवसातून तीनदा. मी उठायच्या आत सकाळचा आकडा आलेला असायचा. सत्त्याण्णव, पंच्याण्णव, शहाण्णव, पुन्हा पंच्याण्णव. सगळं हिरवं. इतक्या लांबून मला तेवढंच करता येत होतं आणि मी स्वतःवर जरा खूशही होतो.

त्याच आठवड्यात, शुक्रवारी, आमच्या ट्रेलरच्या सॉफ्टवेअरची शेवटची सही होती. बाबांना ती तारीख पाठ होती. मी एकदा म्हणालो, "येतो बाबा, रजा टाकतो." विमानं फिरून का होईना मिळत होती, पण परत येता येईल की नाही याची खात्री नव्हती आणि माझं परमिट या नोकरीला बांधलेलं. "वेडा आहेस का? एवढ्याशा तापाला?" ते म्हणाले. "सही टाकून येऊ नकोस." मंगळवारपासून त्यांनी फोनवर बोलणं बंद केलं. घसा बसलाय, मेसेज कर, म्हणाले.

बुधवारी दुपारी एका सप्लायरकडून चाचणीचे आकडे आले. एका मोटरचं तापमान, दर मिनिटाला एक नोंद. मी खाली खाली गेलो तर शंभरेक ओळी तोच आकडा. दहा मिनिटांत मी परत पाठवलं: खरं यंत्र असं कधी वागत नाही, आकडा थोडा तरी हलतोच, पुन्हा मोजा. माझा साहेब डेक्लन खूश झाला. "फेअर प्ले टू यू, युअर मॅन वॉज ओन्ली कॉपी-पेस्टिंग," म्हणाला, म्हणजे शाब्बास, तो गडी नुसता एकच आकडा चिकटवत होता. मी हसलो, आणि दुसऱ्या स्क्रीनवर बाबांचं शीट उघडलं.

सोमवार सकाळ शहाण्णव. दुपार शहाण्णव. रात्र शहाण्णव. मंगळवारी तिन्ही वेळा शहाण्णव. बुधवारी सकाळी आणि दुपारी शहाण्णव.

मला कळलं. इथे 'शंका आली' असं लिहून मला सुटता येईल, पण शंका नव्हती. ज्या माणसाने बॅगेचं वजन तीनदा केलं तेव्हा एकदा नऊ आला म्हणून नऊ लिहिला, त्याच्या शीटमध्ये आठ वेळा एकच आकडा येत नाही. मी टाइप केलं, 'बाबा, मीटरचा फोटो पाठवा.' पाठवायचं बटण नाही दाबलं. फोटो आला असता तर मला जावं लागलं असतं. निदान सगळं सोडून फोनवर बसावं लागलं असतं, बेड शोधावा लागला असता. दोनच दिवस, मी स्वतःला म्हणालो. शुक्रवार होऊ दे. टाइप केलेलं पुसलं आणि खिडकी बंद केली. मुग्धाने चहा आणून दिला, बाबा कसे आहेत विचारलं. "ग्रँड," मी म्हणालो. 'मजेत' म्हणायला हा शब्द इथे फार कामाला येतो.

शुक्रवारी सही झाली. मिशिगनच्या लोकांनी स्क्रीनवर टाळ्या वाजवल्या. बाबांचा मेसेज आलेलाच होता, 'झाली का?' मी 'झाली' लिहिलं. 'शाब्बास,' त्यांनी लिहिलं. एवढंच. एरवी त्यांनी चार प्रश्न विचारले असते.

शनिवारी सकाळी आईचा फोन आला. तिला नीट बोलता येत नव्हतं. माझा मामेभाऊ निखिल शनिवारभर आणि रविवारभर बाबांना गाडीत घालून हॉस्पिटलं फिरला. रविवारी संध्याकाळी भोसरीच्या पुढे कुठेतरी एक बेड मिळाला. मी इथून नंबर फिरवत होतो, तिकीट काढलं होतं, टेस्टच्या रिपोर्टची वाट बघत होतो. सोमवारी दुपारी बाबा गेले. मी नावनलाच होतो. प्लास्टिकच्या पोशाखातल्या माणसांनी त्यांना नेलं, निखिल लांब उभा होता, आणि रस्त्याच्या कडेला कुणी नव्हतं.

डेक्लनने फोन केला. "सॉरी फॉर युअर ट्रबल," म्हणाला. इथे सांत्वनाला सगळे हेच शब्द वापरतात. मॉरीनने घरी भाजलेला ब्रेड दारात ठेवला. सगळी माणसं फार चांगली वागली. मला ते सहन होत नव्हतं.

त्या सहीचं काय झालं तेही सांगून टाकतो. उन्हाळ्यात जगभर चिपांचा तुटवडा पडला. गाड्या बनत होत्या, पण एकेका चिपेवाचून अडून मोकळ्या मैदानांत रांगांनी उभ्या राहत होत्या. कुणीतरी वरून काढलेला फोटो पाठवला. मी आयुष्यात पहिल्यांदा माझी गाडी अशी पाहिली: हजारोंनी, धूळ खात. मग दोन ओळींची मेल आली की या वर्षीच्या मॉडेलमधून ट्रेलर रिव्हर्सची सोय वगळत आहोत, पुढे पाहू. मी ती मेल वाचली आणि हॉट प्रेसचं दार उघडून आत तोंड घालून रडलो, कारण ईरा बाहेर होती.

नोव्हेंबरमध्ये एकटाच चिंचवडला गेलो. आई बारीक झाली होती. तिसऱ्या दिवशी तिने कपाटातून बाबांची वही काढून दिली. त्यांनी आजारपणातले सगळे आकडे लिहिले होते, त्यांच्या इन्स्पेक्शनच्या रीतीने, पट्टीने रेघा मारून. दोन रकाने होते. एकावर 'प्रत्यक्ष', दुसऱ्यावर 'अमोलला कळवले'. सोमवारपासून दुसऱ्या रकान्यात शहाण्णव. पहिल्यात त्र्याण्णव, ब्याण्णव, त्र्याण्णव. बुधवारी दुपारी एक्क्याण्णव. शुक्रवारी रात्री ब्याऐंशी. अक्षर शेवटी शेवटी वाकडं होत गेलेलं, आणि प्रत्येक ओळीत सही, कळवलेल्या आकड्यापुढे नाही, फक्त प्रत्यक्ष आकड्यापुढे. जन्मभर एक खोटी नोंद केली नाही या माणसाने, आणि केली तेव्हा तिचीही नोंद ठेवली.

"यांनी मला शपथ घातली होती रे," आई म्हणाली. "तुझी सही होईपर्यंत बोलायचं नाही म्हणून. मी ऐकायला नको होतं. तुला कळलं असतं तर तू धावत आला असतास. आला असतास ना?"

"हो," मी म्हणालो.

आई, ते ऐकून तू पदराने डोळे पुसलेस आणि मला पोहे करायला उठलीस. मी इकडे परत आलो आणि तेव्हापासून मला घर आठवत नाही असं झालंय. आठवायला गेलो की तो 'हो' आठवतो. तू फोनवर नातेवाइकांना सांगतेस की बिचाऱ्याला बापाने फसवलं, त्याचा काय दोष, आणि मी इकडे गप्प असतो. माझ्यासारखे लांब आलेले पुष्कळ जण या दोन वर्षांत पोचू शकले नाहीत. विमानं नव्हती, परवानग्या नव्हत्या, त्यांचा खरंच काही दोष नव्हता. मी त्यांच्या रांगेत उभा आहे आणि मी त्यांच्यातला नाही. बुधवारी मी विचारलं असतं तर बेड मिळाला असता का, मला माहीत नाही. मिळालाही नसता कदाचित. पण दोन दिवस शोधता आला असता.

इथल्या आपल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी स्थलांतराच्या आठवणी मागितल्या, तेव्हा हे लिहायला घेतलं. अंक निखिल तुला मोबाइलवर उघडून देईल आणि चष्मा लावून तू सगळा वाचशील, मला माहीत आहे. घर म्हणजे काय असं संपादकांनी विचारलंय. मला घर म्हणजे तू, एवढंच उरलं आहे, आणि तुझ्यापुढे मला खोटं बोलून राहता येत नाही.

आई, बाबांनी मला फसवलं नाही. बुधवारी दुपारीच मला कळलं होतं.