गावाला गेलेली इस्त्रीवाली

गुरुवार, ६ फेब्रुवारी. सकाळी धुकं. पाणी उशिरा आलं, तेही बारीक धारेने. गुडघ्याला दोनदा शेक दिला. गल्लीत मोजणीची माणसं आली होती. जिन्याखालचं इस्त्रीचं टेबल सकाळीच दिसेनासं झालं, ते दुपारी पुन्हा दिसलं.

टेबल दिसेनासं करण्यात घडीमावशीचा हात धरणारं गल्लीत कोणी नव्हतं. पालिकेची गाडी कोपऱ्यावर आली की गल्लीच्या तोंडाशी बसणारा किल्लीवाला आपला किल्ल्यांचा जुडगा दिव्याच्या खांबावर आपटायचा. तो आवाज झाला की भाजीच्या टोपल्या उचलल्या जायच्या, चपला शिवणाऱ्याचं दुकान पोत्यात जायचं, आणि मावशीचं टेबल पाय दुमडून भिंतीला लागायचं. त्यावर जुनं गोणपाट, पुढे मोडकी खुर्ची. इस्त्री जिन्याच्या पोटात. मग मावशी तिसऱ्या पायरीवर, मांडीवर रिकामी पिशवी घेऊन, कोणाची तरी वाट बघत असल्यासारखी बसायची. गाडीतल्या माणसांनी एकदा तिलाच विचारलं होतं, "काय हो, इथे टेबल होतं ना?" आणि मावशी म्हणाली होती, "मी पाहुणी आहे."

घडीमावशी हे नाव बिल्डिंगमधल्या पोरांनी ठेवलेलं. हातात येईल त्याची ती घडी घालायची. कापडाची घालायचीच, पण पुडीच्या कागदाची, रिकाम्या पिशवीची, एकदा तर बोलता बोलता समोरच्याच्या उपरण्याचीही घातली होती. जिन्याखालच्या तिरक्या छतामुळे तिला मान वाकडी करूनच उभं राहावं लागे. इतक्या वर्षांत ती मान तशीच राहिली. कोणाशीही बोलताना ती काही गुपित ऐकते आहे असं वाटायचं.

ही जागा तिला आत्येसासूकडून मिळालेली. लग्न होऊन आली तेव्हा नवरा पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात होता. "बायकोने काम करायची गरज नाही," असं तो तेव्हा चारचौघांत म्हणायचा. एका सकाळी कामगार गेले तर दाराला कुलूप. कुलपाशिवाय कोणी काही सांगितलं नाही. पुठ्ठ्याची धूळ मात्र त्याच्या छातीत राहिली. तो श्वास घेई तेव्हा दाराच्या फटीतून वारा आल्यासारखी शीळ वाजायची. आत्येसासूने भाचेसुनेच्या हातात इस्त्री दिली आणि सांगितलं, "हिला धर, ही तुला धरेल. पण झोपू नकोस हिच्यासमोर." पुढे त्यांची लेक मोठी झाली, पॅकिंगच्या शेडवर जाऊ लागली. बोलावलं तर जायची, नाही बोलावलं तर घरी. घर खरं चालायचं ते जिन्याखाली.

मावशी भित्री होती, आणि त्यात नवल नव्हतं. एकदा किल्लीवाला आजारी असताना गाडी आली, खांब वाजला नाही आणि टेबल गेलं. त्या वर्षी तिने उकिडवं बसून जमिनीवर इस्त्री केली. तेव्हापासून गल्लीत साधा टेम्पो मागे वळला तरी तिचा हात टेबल दुमडायला जायचा.

त्या गुरुवारी सकाळी नणंद धापा टाकत खोलीवर आली. नणंदेला सगळ्या बातम्या आधी कळायच्या, फक्त अर्ध्या.

"वहिनी, मोजणीवाले आलेत. घराघरात विचारतायत, कोण कमावतं, काय करतं. खरं बोलू नकोस हं. कमावतो म्हटलं की दवाखान्याचं कार्ड कापतात."

"कोण म्हणालं?"

"सगळे म्हणतायत."

मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. त्या कार्डावर नवऱ्याचं औषध फुकट मिळायचं. घरात नियमित कमावतं कोणी नाही, असं लिहून ते कार्ड मिळालेलं. ते गेलं तर छातीतली शीळ कशाने थांबवायची? नवरा भिंतीला टेकून बसला होता. तो म्हणाला, "उगाच घाबरवू नकोस तिला." पण त्याचा हात उशीखालच्या कार्डाकडे गेला, तो मावशीने पाहिला.

मोजणीची मुलगी आली ती तरुण, गोड बोलणारी. पाणी मागितलं, प्यायली, भांडं उपडं घालून ठेवलं.

"काकू, घरात कमावतं कोण?"

"कोणी नाही."

"तुम्ही काही करता?"

"मी काय करणार बाई, मान बघा माझी."

मुलीने मानेकडे पाहिलं आणि लिहून घेतलं. मावशीला हायसं वाटायला हवं होतं. पण मुलगी जाता जाता म्हणाली, "आमचे साहेब आता गल्लीत फिरतायत. जागेवर कोण काय काम करतं ते बघायला."

जागेवर! म्हणजे जिन्याखाली टेबल, टेबलावर गाठोडी, इस्त्रीत पेटलेले निखारे. आत्ता नाही म्हणालेली बाई तिथे सापडली तर? मावशी अनवाणीच धावली. वाटेत तिला नवऱ्याचा श्वास ऐकू येतोय असं वाटलं. तो तिचा स्वतःचाच होता.

खांब वाजलेला नव्हता. पण आज तिला खांबाची गरजच वाटली नाही. तिने आलेले कपडे, निम्मे इस्त्री झालेले, निम्मे चुरगळलेले, ज्याच्या त्याच्या घरात नेऊन टाकले. "उद्या नेते, उद्या," एवढंच म्हणत ती जिने चढत-उतरत होती. टेबल दुमडलं. राहिली इस्त्री. एरवी ती झाकण लावून आत सरकवायची, पण आज धुराचा वास आला तरी संपलं असं तिला वाटलं. तिने बादलीतलं पाणी सरळ इस्त्रीत ओतलं. निखारे सापासारखे फुत्कारले, वाफ तोंडावर आली. इतक्या वर्षांत पेटत्या इस्त्रीत तिने कधी पाणी घातलं नव्हतं. तशातही तिने ओला फडका चार घड्या घालून ठेवला. मग ती तिसऱ्या पायरीवर जाऊन बसली, मांडीवर रिकामी पिशवी.

साहेब आले. वयस्कर, जाड चष्म्याचे, खांद्यावर पिशवी. त्यांनी जिन्याखाली वाकून पाहिलं. मोडकी खुर्ची, गोणपाट. मग पायरीवरच्या बाईकडे वळले.

"इथे एक इस्त्रीवाल्या बसतात म्हणे. कुठे आहेत?"

 मावशीची जीभ आपोआप सुटली, गेली कित्येक वर्षं सुटायची तशी.

"गावाला गेल्यात."

"कधी येणार?"

"नाही सांगितलं."

साहेबांनी मान हलवली. "बरं," म्हणाले आणि पुढे गेले. मावशीने डोळे मिटून घेतले. वाचले.

थोड्या वेळाने किल्लीवाला आला. त्याच्या जागेवरून जिन्याखालचं दिसत नसे. हातात एक चिठ्ठी नाचवत होता, चेहरा लग्नघरातल्यासारखा.

"मावशी, दाखव तुझी! माझा नंबर सात. तुझा?"

"कसला नंबर?"

"अगं, शेडचा! बाजारामागे पत्र्याची शेड बांधतायत. गल्ली मोकळी करणार आहेत. आज जो कामावर सापडला, त्याला शेडमध्ये गाळा. नाही सापडला त्याला गल्लीत उभं राहू देणार नाहीत. म्हणून तर मी खांब वाजवला नाही!" तो थांबला. दुमडलेलं टेबल, मांडीवरची पिशवी. "मावशी... तू लपलीस?"

मावशीने मांडीवरच्या पिशवीची आणखी एक घडी घातली.

"अरे देवा. आज पळायचं नव्हतं गं. आज सापडायचं होतं."

"साहेबांनी मला विचारलं," मावशी पुटपुटली. "मी सांगितलं, इस्त्रीवाली गावाला गेली."

किल्लीवाल्याला हसू आलं आणि ते त्याने तोंडातच दाबलं. "ऊठ. ते दोघं कोपऱ्यावर चहा घेतायत. चहा संपला की जातील."

"दोघं? ती मुलगीही आहे?"

"आहे. का?"

मावशी उठता उठता पुन्हा बसली. तिकडे जाऊन 'मी काम करते' म्हणायचं, तर ती मुलगी शेजारी उभी. आणि नाही गेलं तर जिनाही नाही, गाळाही नाही. "तूच जाऊन सांग ना," ती म्हणाली.

"मी सांगू? मी म्हणेन इस्त्रीवाली ही. ते विचारतील, मग गावाला कोण गेलं? माझाही नंबर जायचा." तो खाली बसला, तिच्या डोळ्यांसमोर. "मावशी, तुझं टेबल गेलं तेव्हा मी आजारी होतो, खांब वाजला नाही. आज मी धडधाकट आहे आणि सांगतोय. चल."

ती गेली. चहाच्या टपरीपर्यंतचा रस्ता रोजचाच, पण आज तो लांबत चालला होता. साहेबांच्या हातात ग्लास, निम्मा. मुलगी पाठमोरी उभी, फोनवर बोलत.

"साहेब," मावशी म्हणाली. "गावाला गेलेली इस्त्रीवाली... मीच."

साहेबांनी चष्मा वर केला. ओळखलं. रागावतील म्हणून तिने मान आणखी खाली घातली.

"म्हणजे मघाशी तुम्हीच तुम्हाला गावाला पाठवलंत?"

"घाबरले साहेब."

"सगळेच घाबरतात. कालच्या गल्लीत एक जण पाण्याच्या टाकीत जाऊन बसला होता." ते हसले नाहीत. "पण बाई, मला काम चालू असताना बघावं लागतं. तसं न बघता लिहिलं तर उद्या अख्खं शहर इस्त्रीवालं होईल. चहा संपेपर्यंत थांबतो. इस्त्री हातात दिसली पाहिजे, आणि ती गरम पाहिजे."

गरम! मावशी पळत परतली. इस्त्रीत काळा चिखल. तिने तो जमिनीवर ओतला, चिमटीने कोळसे उचलून पाहिले, सगळे भिजलेले. पेटते निखारे कुठून आणायचे? किल्लीवाल्याने टपरीवाल्याला हाक मारली. टपरीवाला ओरडला, "माझी शेगडी विझवता का?" पण ओरडता ओरडताच त्याने पितळेच्या परातीत निखारे काढून दिले. मावशीने परात फडक्यात धरून आणली. चटका बसला तरी ती थांबली नाही. निखारे इस्त्रीत पडले, तिने पुठ्ठ्याने वारा घातला, राख उडाली, झाकण बसलं. टेबल उघडलं. घोंगडी अंथरली.

आणि मग तिच्या लक्षात आलं की इस्त्री करायला काहीच नाही. सगळे कपडे तिने स्वतःच दारोदार परत केले होते. दुसऱ्या मजल्यावरची सून तोवर नोकरीला गेलेली, शेजारच्या दाराला आता कुलूप. गल्लीच्या तोंडाशी साहेब ग्लास ठेवताना दिसले.

"आजी!" तिने वर तोंड करून हाक मारली. पहिल्या मजल्यावरच्या आजी खिडकीत होत्याच. त्या म्हाताऱ्या बाई दिवसभर तिथेच असायच्या. "काहीतरी टाका! काहीही!"

आजींनी आजूबाजूला पाहिलं. हाताला लागले ते खिडकीचे पडदे. त्यांनी ते दांडीवरून ओढून काढले आणि खाली सोडले. एक मावशीच्या डोक्यावरच पडला.

साहेब जिन्यापाशी आले तेव्हा मावशीची इस्त्री पडद्यावर फिरत होती. साहेबांनी पाण्याचं बोट इस्त्रीला लावलं, चर्र झालं. त्यांनी लिहायला घेतलं.

"अहो काकू?" मागून आलेली मुलगी थबकली. "सकाळी तर तुम्ही म्हणालात घरात कोणी कमावत नाही."

इस्त्री थांबली. मग जळेल म्हणून मावशीने ती उचलून धरली. जड इस्त्री हवेत, मान वाकडी, आणि सगळे तिच्याकडे बघतायत. किल्लीवाल्याने जुडगा मुठीत आवळला.

"ते कार्ड," मावशी म्हणाली. "माणसाचं औषध आहे त्यावर."

मुलीचा चेहरा उतरला. "काकू, खोटं सांगणार नाही. कार्डाच्या आणि गाळ्यांच्या यादीत एकच घर दिसलं तर वरती कोणीतरी विचारेल. कार्ड राहील की जाईल, मला खरंच माहीत नाही. ते आमच्या हातात नाही."

"मग काय करू?"

"ते मी कसं सांगू?"

साहेबांची लेखणी थांबलेली. ते घाई करत नव्हते, हेच मावशीला जास्त भीतीचं वाटलं. घाई केली असती तर तिने घाईत काहीतरी म्हटलं असतं. आता तिला विचार करावा लागत होता, आणि विचार केला की नवऱ्याची शीळ ऐकू यायची. कार्ड राहिलं आणि गाळा गेला, तर औषध मिळेल, पण औषधाआधी पोटात काय घालायचं? गाळा मिळाला आणि कार्ड गेलं, तर निदान हात चालू राहतील. उत्तर साधं होतं. तिने इस्त्री पुन्हा पडद्यावर टेकवली.

"लिहा," ती म्हणाली. "इस्त्री करते. कमावते. लिहा."

साहेबांनी लिहिलं. चिठ्ठीवर नंबर आला एकोणीस. मुलीने आपल्या कागदावर सकाळची ओळ खोडली, पेन जरा वेळ तिथेच धरून ठेवलं आणि निघून गेली.

मावशीने ते पडदे पूर्ण इस्त्री केले. अर्धवट सोडवेनात. मग घड्या घालून वर दिले. आजी म्हणाल्या, "चहा घेऊन जा." ती म्हणाली, "नको, घरी सांगायचं आहे."

नवऱ्याला तिने दारातच सांगितलं, आत गेली असती तर धीर सुटला असता. चिठ्ठी त्याच्या हातात दिली. त्याने नंबर पुन्हा पुन्हा वाचला. छातीत शीळ वाजत होती. "म्हणजे आता खोकला जरा बेतानेच खोकायला हवा," तो म्हणाला. मावशीला हसू आलं नाही. त्याने उशीखालून कार्ड काढून ते पत्र्याच्या डब्यात, अगदी तळाशी ठेवलं, जणू वरच्या माणसांना ते तिथे सापडणार नव्हतं. बाहेर कोणीतरी दार वाजवलं. दोघंही दचकली. शेजारीण होती, मीठ मागायला आलेली.

त्या संध्याकाळी पहिल्या मजल्यावरच्या आजींनी रोजनिशीत त्या गुरुवारच्या पानावर शेवटची ओळ लिहिली: पुढच्या खोलीचे पडदे पुन्हा लावले, डावा उलटा लागला आहे, उद्या नीट लावायचा.