विरघळणाऱ्या चाव्या

गेटवर बसणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत, ते ट्रकमागच्या धुळीसारखे आपोआप अंगावर बसतात. डहाणूच्या एका चिकू गोदामात मी चाव्या सांभाळतो. यंदा तिथे एआय एजंट आला, तेव्हापासून तर धूळ झटकायलाही उसंत नाही!

एजंट म्हणजे कॉम्प्युटरमधला कारकून. व्यापाऱ्यांना उत्तरं देतो, ट्रक कुठे धाडायचा ते बघतो. तो बसवला तलासरीच्या मनीषाने. मालक रमणभाईंनी तिला बजावलं, "एक महिना बघतो. माल एकदा जरी चुकीच्या हाती गेला, तर मशीनही बंद आणि तुझी नोकरीही!"

*

पहिला घोळ भाईंनीच घातला. आमच्याकडे सगळं खोक्यावर मार्करने लिहायची सवय. भाईंनी एजंटच्या कॉम्प्युटरचा पासवर्डही खोक्यावर लिहिला, आणि ते खोकं चिकू भरून दिल्लीच्या गाडीत चढलं!

मनीषाने आवाजसुद्धा चढवला नाही. गाडी हायवेवर चारोटीला पोचायच्या आत सगळे पासवर्ड बदलले.

मी म्हटलं, "पोरी, मला एक कुलूप बदलायला दुपार लागते!"

*

मग तिने पासवर्ड माणसांच्या हातूनच काढून घेतले. एजंटला एका कामापुरती चावी मिळते, काम झालं की ती निकामी.

"मिठासारखी विरघळते?" मी विचारलं.

"तशीच, काका."

माझ्या जुडग्याने तीन सदऱ्यांचे खिसे फाडलेत. मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो.

*

भाई म्हणाले, "अरे मनीषाबेन, एवढा हुशार आहे तर कोल्ड रूमपण दे त्याच्या ताब्यात!"

"भाई, जावई हुशार आहे म्हणून तिजोरीची चावी देता का?"

भाईंनी कान खाजवला. मग हळूच म्हणाले, "दिलेली. नको देऊस."

*

मनीषाचा एक नियम होता. अनोळखी नंबरवरून हुकूम आला, तर एजंटने काम थांबवून आधी गेटवर विचारायचं. म्हणजे मला! सहीपुरतं शिकलेल्या माणसाला!

"काका, तुम्ही माणसं ओळखता," एवढंच ती म्हणाली.

महिन्याच्या शेवटच्या दुपारी गेटवरचा फोन वाजला. एजंट बोलत होता. "भरलेली गाडी वापीला वळवायला सांगतायत. नंबर अनोळखी आहे. ऐकून सांगा, हे भाईच का?"

त्याने तो फोन जोडून दिला, मी स्पीकर लावला. भाईंचाच खोकला, भाईंचीच घाई. "अरे, रमण बोलतोय! गाडी वळव लवकर!"

मी मान वर केली. भाई माझ्यासमोर बाकावर बसले होते, चहाची बशी ओठांना लावून. मी एजंटला सांगितलं, "हे भाई नाहीत, गाडी वळवू नकोस!"

मनीषा धावत आली. भाईंनी फोनमधल्या नकली स्वतःला शेवटपर्यंत ऐकलं. बशी खाली ठेवली, ऑफिसात गेले आणि आपली खुर्ची स्वतः उचलून आणून तिच्यासमोर ठेवली.