मावशीच्या टेंपोची जागा

खोपटच्या डेपोत मी एसटीची वाट बघत होते. आमच्या गल्लीतल्या जनीकाकू मासळीची पाटी खाली ठेवून जवळ आल्या. "अगं, तुजी चांगुणामावशी गेली गो..." एवढंच म्हणाल्या. त्याला आता महिना होऊन गेला. मला नीट लिहिता येईल की नाही, ठाऊक नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. पण राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहिते.

मावशी कोलशेतची, कल्याणच्या बाजारात मासळी विकायची. आम्हा कोळ्यांत जाळं पुरुषाचं, पण मासळी किनाऱ्याला लागली की ती बाईची. भाव ती ठरवते, विकते ती आणि पैसाही तिच्याच कमरेला असतो. तिच्या नवऱ्याला, काकांना, विडी हवी असली तरी ते मावशीपुढे हात पसरायचे. ती म्हणायची, "कालची संपली का रं इतक्यान?"

एसटीत मात्र तिची किंमत नव्हती. वास येतो म्हणून कंडक्टर पाटी उतरवायला लावायचे, कधी पाटीबरोबर तिलाही. म्हणून तिने जुना टेंपो घ्यायचं ठरवलं. गावातल्या सगळ्या बायकांची मासळी त्यातून जाणार होती. मी बारावीत होते. बँकेच्या कर्जाचा अर्ज मी लिहिला आणि मावशी, काका आणि मी ठाण्याला बँकेत गेलो.

साहेबांनी अर्ज वाचला आणि मावशीकडे न बघता काकांना विचारलं, "तुम्ही काय करता?"

काकांना वाटलं, बायकोची शिफारस करायची हीच वेळ. "साहेब, मी जालं टाकतो. पैशाचं हिलाच इचारा. मी विडीलापन हिच्याकडंच मागतो."

साहेब हसले. मग म्हणाले, "असं करा, कर्ज तुमच्या नावावर घ्या. एकट्या बाईच्या नावावर आम्ही देत नाही."

"हप्ता मी भरनार, मंग नाव याचं कनाला?" मावशी म्हणाली.

"पद्धत आहे, बाई."

"न् उद्या हा नसला तं? मंग कोनाच्या मागं उभी रहू, पोराच्या?"

साहेबांनी पुढच्या माणसाला बोलावलं.

गावातल्या बायका म्हणाल्या, "घे ना त्याच्या नावावर! तो काय टेंपो घेऊन पलून जातो?" मावशी म्हणाली, "त्याला चालवता कुटं येतो!" सगळ्या हसल्या, पण तिने घेतला नाही. शेवटच्या आजारपणापर्यंत ती पाटी घेऊन कंडक्टरांशी भांडत राहिली.

पुढे कॉलेजात समानतेचा हक्क शिकले. भीत भीत सरांना विचारलं, बँकेने बाईला असं परत पाठवलं तर कुठला कायदा आड येतो? सर म्हणाले, "बँक माणूस पारखून कर्ज देते." पारखून? मावशीचा धंदा कुणी विचारला होता? तिची कमाई, तिचा शब्द? पारखलं ते एवढंच, की ती बाई आहे. पाटी उतरवणाऱ्या कंडक्टरला निदान मासळीचा वास तरी आलेला असायचा. साहेबांना कशाचा आला? असं करू नका, केलंत तर जाब द्यावा लागेल, असं बँकेला स्पष्ट बजावणारा कायदा मला तरी कुणी दाखवला नाही. तो असायला नको का?

अर्ज द्यायच्या आधीच मावशीने घराशेजारची तुळस हलवून, दगड बसवून टेंपोसाठी जागा करून घेतली होती. तिथे ती जाळंसुद्धा पसरू द्यायची नाही. परवा मी त्यांच्या घरी गेले तेव्हा मावशीची सून तिथे जवळा वाळत घालायला निघाली होती. पायरीवर बसलेले काका एकदम म्हणाले, "तिथं नको, पोरी. तिला इचारलं नाय."