स्विचमध्ये अडकवलेली माचिसची काडी

मित्रहो, दुपारपासून डोकं ठिकाणावर नाही, म्हणून इथं लिहितो.

ऐंशीच्या दशकात नागपुरात आमचा ऑर्केस्ट्रा होता. कव्वाली, लावणी, डिस्को, सगळं माझा दोस्त मधू एकाच इलेक्ट्रिक गिटारवर वाजवायचा. आवाज बदलायचा स्विच तीनच जागी थांबायचा. मधू त्यात माचिसची जळकी काडी खुपसून तो अधेमधे अडकवायचा. "खरा आवाज इथंच आहे गा," म्हणायचा. एका कार्यक्रमाहून परतताना अपघातात तो गेला.

आज नातीसाठी गिटार घ्यायला सीताबर्डीला गेलो. "काकाजी, हीच घ्या, हिच्यावर सगळं वाजते," दुकानदार म्हणाला. माझ्यासमोरच त्यानं खोक्याचं सील फोडलं.

स्विचमध्ये जळकी काडी होती.

"ही काहून आहे जी इथं?" तोच मला विचारू लागला. "आता स्विच पाच जागी थांबते. काडीचं कामच नाही."

मी हात लावला. काडी गरम होती.

गिटार घरी आणली आहे. नात वाजवायला मागते. काडी काढली, तर मधू दुसऱ्यांदा जाईल. ठेवली, तर नातीच्या बोटांनी कोण वाजवेल?

तुम्ही काय केलं असतं?