खोलीच्या जागी भिंत

"चला, निघू या ना?" मॅडमचं हे वाक्य तुम्ही ऐकलं असतं, तर तुम्हीही चहा अर्धा टाकून उठला असता. कुठे निघायचं ते ठरलेलं नसायचं. स्टाफरूममध्ये त्या चहा उभ्यानेच प्यायच्या, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत. त्या भूगोल शिकवायच्या, मी त्याच शाळेत क्लार्क.

धामणकर नाक्यामागे त्यांची भाड्याची खोली होती. भिंतीपलीकडे कापड विणणारे लूम दिवसभर खडखडायचे, त्यामुळे घरातही ओरडूनच बोलायचं. करार संपला की खोली बदलायची. नवी खोलीही लूमलाच लागून. त्यांच्या आई, अम्मा, मॅडमच्या भावाकडे राहायच्या, पण तिथे सुनेशी पटत नव्हतं.

"अम्माला तिची स्वतःची खोली द्यायचीय," मॅडम म्हणायच्या. "तिने आतून कडी लावावी आणि का लावली, ते कुणी विचारू नये."

शेवटी खारबावजवळ त्यांनी जागा घेतली. माझं गाव तिकडचंच, म्हणून दाखवायला मला घेऊन गेल्या. जागा कसली, नुसता उतार! पाय रोवून उभं राहावं लागत होतं. खालच्या अंगाला एका म्हातारीचं कौलारू घर आणि गोठा.

आधी दगडी भिंत घाला, मग माती हलवा, असं इंजिनिअरने बजावलं होतं. पण भिंत म्हणजे अजून एक उन्हाळा.

"तोवर अम्माने सुनेची बोलणी खायची?" मॅडम म्हणाल्या.

जेसीबीवाल्याने विचारलं, "मॅडम, पूरा सपाट कर दूँ?"

"हां हां, करो!"

वरची माती खाली लोटली, ती दाबून जागा सपाट केली आणि तिच्यावर दोन खोल्यांचं जोतं बांधलं; उताराकडची खोली अम्मांची. पावसाने जोर धरला तसा तो भराव सुटला. जोत्याचा अर्धा भाग घेऊन माती थेट म्हातारीच्या गोठ्यात घुसली. गाय चरायला गेली होती म्हणून वाचली.

आम्ही पोचलो तेव्हा म्हातारी चिखलात उभी होती. "तुजी माती माज्या गोठ्यान आयली, बाय. उद्या माज्या अंगावर येल. मंग काय करशील?"

 मॅडमनी ओढणी कमरेला खोचली, घमेलं उचललं आणि अंधारेपर्यंत माती उपसली.

दुसऱ्या दिवशी शाळेत आल्या आल्या मला म्हणाल्या, "भाऊ, उताराकडची खोली रद्द. तिथे भिंत घालायची."

"मग अम्मांची खोली?"

त्या खिडकीपर्यंत गेल्या, परत आल्या. "तेच तिला कसं सांगू?"

सांगितलं.  अम्मा म्हणाल्या म्हणे, "दार एक तर एक. पन कडी मी लावनार."

आधी गोठा उभा राहिला, पुढच्या उन्हाळ्यात भिंत, मग एक खोली आणि स्वयंपाकघर. अम्मा आणि मॅडम राहायला आल्या. पण माती पुन्हा येईल या भीतीने म्हातारी काही नव्या गोठ्यात गाय बांधेना. भर पावसात गाय आंब्याखाली भिजत उभी राहायची. मॅडम रोज ते बघायच्या. वर्गात शिकवताना पावसाची सर आली की खडू हातातच राहायचा आणि नजर बाहेर जायची.

अशाच एका मुसळधार पावसात, सुट्टीच्या दिवशी, मी त्यांच्याकडे गेलो. अम्मा दारातून हाका मारत होत्या, "आत ये गं, भिजशील!" मॅडम भिंतीच्या पायथ्याशी चिंब उभ्या. भिंतीतून पाणी निघायला पाइप ठेवले होते, त्यातल्या एकाखाली त्यांनी ओंजळ धरली होती. खाली म्हातारी गोठ्याच्या पत्र्याखालून वर बघत होती.

मॅडमनी ओंजळीतलं पाणी निरखलं, सांडलं, पुन्हा धरलं. मग खाली वाकून ओरडल्या, "आजी, पानी नितळ हाय! माती न्हाय!"

 म्हातारी भिंतीकडे बघत राहिली. मग पदर डोक्यावर ओढून ती पावसात उतरली, आंब्याखालचं दावं सोडलं आणि गाय गोठ्यात घेतली.