खिचडीवाल्या मावशी

आंबागडच्या पलीकडच्या एका गावात मी शिक्षक होतो. तिथं शाळेची खिचडी शिजवायला एक बाई यायच्या. पोरं त्यांना मावशी म्हणत, मीही तेच म्हणायचो. स्वयंपाकाची खोली पहिलीच्या वर्गाला लागून होती. गॅसचं सिलिंडर वेळेवर येत नसे, म्हणून चूल पेटे. ओली लाकडं धुमसू लागली की धूर वर्गात शिरायचा आणि पोरं गाणं म्हणता म्हणता खोकायची. मग मावशी आतून दार लावून घ्यायच्या आणि फटीत ओलं पोतं कोंबायच्या.

एकदा मी दार ढकललं. धुरात त्या दिसेनात, नुसता खोकला ऐकू येत होता.

"मावशी, दार काहून लावता? गुदमरून जाल ना!"

पदरानं डोळे पुसत त्या म्हणाल्या, "लेकरं लहान आहेत, गुरुजी. माह्या छातीत त धूरच भरून राहिला. अजून थोडा गेला त काय होते?"

हिवाळ्यात त्यांना श्वास पुरेना. मी त्यांना तुमसरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "बिडी ओढता का?"

"नाही जी. शाळेत खिचडी रांधतो."

संक्रांतीच्या आधीच त्या गेल्या. त्या दिवशी चूल पेटली नाही. वर्गात जराही धूर नव्हता. पोरं स्वयंपाकाच्या खोलीकडं बघत बिस्किटं खात होती.