गाईच्या घशातला बाठा

आमच्याकडे आंब्याच्या दिवसांत गुराने खाणं सोडलं की निदान ठरलेलं असतं: घशात बाठा अडकला. सालं आणि बाठे आम्ही सगळेच गुरांपुढे टाकतो, आणि एखादा अख्खा गिळला जातो हे खरंही आहे. त्यामुळे शेजारच्या काकीच्या गाईने पेंढ्याला तोंड लावायचं सोडलं, तोंडातून लाळेच्या तारा लोंबू लागल्या आणि हंबरणं घोगरं झालं, तेव्हा येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाने गोठ्याच्या दारातूनच निकाल दिला आणि आपली वाट धरली. मी हायस्कुलात विज्ञान शिकवते. मीही बाठाच म्हणाले.

काकीचं वय सत्तरीच्या घरातलं. नवरा गेलेला, मुलगा मुंबईत नोकरीला, घरात ती आणि ही गाय. आमच्या वाडीतल्या निम्म्या घरांत तिचंच दूध. मी दाव्याला धरून गाईचं तोंड वर केलं आणि काकीने कोपरापर्यंत हात घशात घातला. ओले काजूगर सोलून सोलून तिच्या बोटांची सालं निघाली होती, चिकाने जागोजागी लालभडक झालं होतं. त्या हाताने तिने बराच वेळ चाचपलं.

"कायच लागत नाय गो हाताला," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी कामासाठी रत्नागिरीला गेले होते. संध्याकाळी परत आले तर गाय मेलेली, आणि वाडीत कल्लोळ. मालगुंडहून गुरांचे डॉक्टर येऊन गेले होते. गाईच्या मागच्या पायावरची बुजत आलेली जखम पाहून त्यांनी विचारलं होतं, कुत्रं चावलं होतं का? काकीने आठवून सांगितलं, होळीच्या सुमारास एक पिसाळलेलं कुत्रं वाडीतून गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, रेबीज वाटतोय, ज्यांचा ज्यांचा संबंध आला त्यांनी इंजेक्शनं घ्या.

संबंध! या एका शब्दाने वाडी हादरली, कारण चारच दिवसांपूर्वी समोरच्या वैनीकडे सत्यनारायण झाला होता आणि पंचामृतात काकीच्या गाईचं निरसं दूध होतं. तीर्थ कोणी घेतलं नव्हतं? आम्ही तर ओंजळ पुढे करून दोनदा घेतो. वैनीची सून पोटुशी होती, तिला तर आग्रहाने पाजलेलं. वैनी अंगणात उभी राहून काकीच्या घराकडे बघत जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यात राग किती आणि भीती किती, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. रात्रीपर्यंत मोबाइलच्या ग्रुपवर एकेकाची अक्कल वाहू लागली. एकाने गेल्या वर्षीचं तूप ओतून टाकलं. एकाने ज्या पातेल्यात दूध तापवत होते ते पातेलंच घरामागच्या परड्यात पुरलं. मी लिहिलं की उकळलेल्या दुधातून काही होत नाही. त्यावर कोणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि पुन्हा तुपावर चर्चा सुरू झाली.

सकाळी अख्खी वाडी टेम्पोत बसून रत्नागिरीला सरकारी दवाखान्यात. रांगेत प्रत्येकाच्या तोंडावर मास्क, दोघांच्या मध्ये हातभर अंतर, खिशात सॅनिटायझरची बाटली. कोरोनाने शिकवलेलं सगळं आम्ही कपाटातून काढून पुन्हा अंगावर चढवलं होतं. मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं. हा विषाणू हवेतून येत नाही, खोकल्यातून येत नाही. तो राहतो जनावराच्या लाळेत. चावा किंवा उघडी जखम मिळाली की आत शिरतो आणि नसांच्या वाटेने सावकाश मेंदूकडे निघतो. तो तिथे पोचायच्या आत इंजेक्शन मिळालं तर माणूस वाचतो. पोचल्यावर कोणाच्याच हातात काही उरत नाही. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते.

डॉक्टर तरुण होते आणि कमालीचे शांत. दुधातून हा रोग झाल्याचं सहसा दिसत नाही, तरी निरसं पोटात गेलंय तर खबरदारी म्हणून इंजेक्शन देऊ, असं त्यांनी सगळ्यांना समजावलं. वैनीच्या सुनेला सांगितलं, बाळाला काही होणार नाही. मग त्यांनी विचारलं, "गाईच्या तोंडात कोणी हात घातला होता का?"

मी मागे वळून काकीला शोधलं. काकी रांगेत नव्हती.

मी त्यांना काजूच्या चिकाचं आणि सोललेल्या बोटांचं सांगितलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "बाकीचे सगळे उद्या आले असते तरी चाललं असतं," ते म्हणाले. "त्यांना आजच्या आज घेऊन या."

रिक्षा करून मी परत आले. काकीचं पुढचं दार आतून बंद. हाका मारल्यावर ती खिडकीत आली, पण गजांपासून चांगली लांब, तोंडावर पदर घट्ट धरून.

"लांब उभी ऱ्हा बाय. मी चौदा दिवस कोणात मिसळत नाय."

मला आधी कळेचना. मग एकदम कळलं. ती कोरोनाचे नियम पाळत होती! रोग आपल्या अंगात शिरलाय, आपण कोणाला शिवायचं नाही, दार लावून बसायचं, वाचलो तर वाचलो. इंजेक्शनाला जायचं म्हणजे टेम्पोत लोकांना चिकटून बसायचं, ते तिला पाप वाटत होतं.

"काकी, हा रोग तसा नाही गो! शिवून होत नाही. तू घरात बसलीस तर तूच मरशील."

"तुला काय, तू मास्तरीण. मागच्या टायमाला सगळे असंच बोलायचे, कायच व्हत नाय म्हणून."

मग तिने खिडकीतूनच सांगितलं. कोरोनात तिचा मुलगा मुंबईहून आला, तेव्हा त्याला चौदा दिवस गावच्या शाळेत ठेवलं होतं. ती त्याला पेज पोचवून विहिरीवर गेली तर वैनीने तिथून तिला ओरडून हाकललं. बायका बाजूला झाल्या. रिकामी कळशी घेऊन ती घरी आली आणि मुलाचे दिवस संपेपर्यंत पाणवठ्याला फिरकली नाही, पऱ्यावरचं, ओढ्याचं पाणी गाळून प्यायली. मी तेव्हा शहरात भावाकडे अडकले होते, मला यातलं काही ठाऊक नव्हतं.

"तवा माझं चुकलं," काकी म्हणाली. "आता नाय चुकायचं. आधीच माझ्या गाईने सगळ्यांच्या जिवाला घोर लावलान."

आम्ही किती नीट शिकवलं होतं तिला! मला संताप आला, कोणाचा ते कळेना, आणि मी तो काकीवरच काढला. पायरीवर बसून शाळेत ओरडते त्याहून मोठ्याने ओरडले. लाळ, नसा, मेंदू, सगळं सांगितलं. ती ऐकून घेत होती आणि मान हलवत होती, आणि कडी काही काढत नव्हती.

माझा आवाज समोर पोचला. टेम्पो नुकताच परत आला होता. वैनी पदर खोचून अंगणातून तरातरा आली, आणि मला वाटलं आता भांडण. तिने मला विचारलं, "हिने हात घातलान तोंडात?" मी हो म्हटलं. डॉक्टर काय म्हणाले तेही सांगितलं. वैनी पायरी चढून वर गेली. मग खिडकीला तोंड लावून म्हणाली, "काकी, विहिरीवर तुला ओरडले ती मी. आता मीच सांगतंय. दार उघड."

काकी खिडकीतून आत वळली. मग कडी वाजली.

काकी आज ठणठणीत आहे, सगळी इंजेक्शनं तिने वेळच्या वेळी घेतली, हे इथेच सांगून टाकते. पण त्या दुपारी रिक्षात ती दांडीला इतकी चिकटून बसली होती की वळणावर बाहेर पडेल अशी मला धास्ती वाटत होती. आपला पदरसुद्धा आम्हाला लागू नये म्हणून तिने लुगडं पायांखाली दाबून घेतलं होतं. मध्ये मी, पलीकडे वैनी.

दवाखान्यात नर्स म्हणाली, आधी हात वाहत्या पाण्याखाली साबणाने चांगला धुवा, पंधरा मिनिटं. मग जखमेत इंजेक्शन देऊ. काकी नळाशी गेली, पण बोटं इतकी चुरचुरत होती की साबण हातात धरवेना. वैनी पुढे झाली तशी काकी हात ओढून भिंतीपर्यंत मागे सरकली.

"शिवू नको माये! घरात पोटुशी सून हाय तुझी."

"तिनेच धाडलंन मला," वैनी म्हणाली. "आण तो हात."

तिने काकीचा हात ओढून नळाखाली धरला आणि एकेक बोट साबणाने चोळायला लागली. बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा, मनगट, मग पुन्हा पहिल्या बोटापासून. नर्सने पुरे म्हटलं तरी ती थांबेना.

थोड्या वेळाने त्या सोललेल्या बोटांत सुया टोचल्या. बघणाऱ्याने डोळे मिटावेत असं ते दुखणं, पण काकीने हूं की चूं केलं नाही. ती रडली ती आधीच, नळाखाली, वैनीने हात धरला तेव्हा.